जुन्या बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन : आत काय असतं, बिघडतं काय

२००८-१० च्या सुमारासची बीएमडब्ल्यू ३२५आय, ५२५आय किंवा ५३०आय आज सेकंडहँड बाजारात नव्या हॅचबॅकच्या भावात मिळून जाते. फोटो बघितले की हात शिवशिवतात. मग एक मित्र सांगतो, "नाद सोड, पांढरा हत्ती आहे." दुसरा सांगतो, "इंजिन एक नंबर आहे रे, दोन-अडीच लाख किलोमीटर काही होत नाही." आणि आता तिसरा विचारतो, "पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. त्यात ही जुनी गाडी कशी टिकणार?"

तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, आणि म्हणूनच गोंधळ होतो. या गाड्यांत जे इंजिन असायचं त्याचं कंपनीतलं नाव एन५२. त्याच्याबद्दल एक गोष्ट कळली की बाकीची आपोआप उलगडतात. या इंजिनाचा गाभा, म्हणजे क्रँक, पिस्टन, चेन, सहसा दगा देत नाही. दगा देतं ते त्याच्याभोवतीचं रबर, प्लास्टिक आणि एक विजेवर चालणारा पंप. या वस्तू किलोमीटरपेक्षा वर्षांनी आणि उष्णतेने जास्त म्हाताऱ्या होतात.

सहा सिलिंडर, तेही एका रांगेत, कशासाठी?

पेट्रोल इंजिनातला प्रत्येक सिलिंडर चार कामं करतो: हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. या चारांसाठी क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याचे, दोन पूर्ण फेरे लागतात. त्यातल्या अर्ध्याच फेऱ्यात ताकद मिळते.

चार सिलिंडर असले तर दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. एकाचा धक्का संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. सहा असले तर दर एक तृतीयांश फेऱ्याला स्फोट, म्हणजे पहिल्याचा जोर ओसरायच्या आत दुसऱ्याचा लागतो. उखळात एकटीने मुसळ घातलं तर प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. तिघी पाळीपाळीने घालू लागल्या की ठोके एकमेकांत मिसळतात आणि कांडप अखंड चालल्यासारखं वाटतं. तसंच हे. ३००० आरपीएमला या इंजिनात सेकंदाला १५० स्फोट होत असतात.

दुसरा फायदा थरथरीचा. पिस्टन वर गेला की इंजिनाला वर ओढतो, खाली आला की खाली. चार सिलिंडरमध्ये दोन वर, दोन खाली असल्यामुळे मोठा हिशोब जुळतो, पण पिस्टनची वरच्या अर्ध्या टप्प्यातली आणि खालच्या अर्ध्या टप्प्यातली गती सारखी नसते. त्यामुळे क्रँकच्या दुप्पट वेगाची एक बारीक थरथर उरतेच. मोठ्या चार सिलिंडर इंजिनांत ती मारायला वेगळे बॅलन्स शाफ्ट घालावे लागतात. एका रांगेतल्या सहामध्ये पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा अशा जोड्या एकत्र वरखाली होतात आणि ही दुसरी थरथरही आपसात कटते. वेगळं काही घालावं लागत नाही. इंग्रजी व्ही आकारात बसवलेल्या सहामध्येसुद्धा ही सोय नाही.

मग सगळेच असं इंजिन का करत नाहीत? लांबी. सहा सिलिंडर ओळीने बसवले की बॉनेट लांब लागतं आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ते आडवं बसवणं अवघड जातं. नव्वदच्या दशकात मर्सिडीजनेही रांगेतलं सहा सोडून व्ही६ धरलं होतं. २०१७ मध्ये ती परत रांगेवर आली. बीएमडब्ल्यूने मात्र १९३३ मध्ये गाडीत पहिलं सहा सिलिंडर घातलं आणि ती रांग आजतागायत सोडलेली नाही.

एन५२ मध्ये वेगळं काय?

हे इंजिन २००४ मध्ये आलं आणि २०१५ पर्यंत बनत होतं. अडीच लिटर आणि तीन लिटर असे दोन आकार, टर्बो नाही. ३ सिरीज आणि ५ सिरीजची जुळणी २००७ पासून चेन्नईच्या कारखान्यात सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे ते बऱ्यापैकी दिसतं. अमेरिकेतल्या 'वॉर्ड्स'च्या दहा उत्तम इंजिनांच्या यादीत २००६ आणि २००७ अशी दोन्ही वर्षं ते होतं.

त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो मुख्य सांगाडा, दोन धातूंचा आहे. आतला भाग ॲल्युमिनियमचा, त्याच्याभोवती मॅग्नेशियमचं ओतीव. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं, म्हणून अख्खं इंजिन १६१ किलोत बसलं. पण मॅग्नेशियमला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, चालत नाही, ते झिजतं. म्हणून कूलंटच्या वाटा फक्त आतल्या ॲल्युमिनियममधून काढल्या आहेत. आणि मॅग्नेशियमला पोलादी बोल्टही चालत नाहीत. दोन वेगळे धातू आणि थोडा ओलावा एकत्र आला की गंज सुरू होतो. त्यामुळे इथे ॲल्युमिनियमचे बोल्ट आहेत आणि ते एकदाच वापरायचे. आवळताना ते मुद्दाम किंचित ताणले जातात. काढले की फेकायचे. गल्लीतल्या मिस्त्रीने "साहेब, बोल्ट चांगलेत की" म्हणत तेच परत लावले किंवा डब्यातला पोलादी बोल्ट शोधून बसवला, की पुढच्या वेळी बोल्टचं डोकं तुटून धड आत राहतं.

दुसरी करामत व्हॅल्व्हट्रॉनिक. साध्या पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल. आपण हळू चालवतो तेव्हा ती जवळजवळ बंद असते आणि इंजिन त्या फटीतून हवा ओढताना ताकद वाया घालवतं. एन५२ मध्ये हे काम सिलिंडरच्या तोंडावरचे इनटेक व्हॉल्व्हच करतात. एक छोटी मोटर ते किती उघडायचे ते ठरवते: कमीत कमी ०.१८ मिलिमीटर, जास्तीत जास्त ९.९. पेट्रोल वाचतं, पिकअप चांगला मिळतो. मोटर किंवा तिचा सेन्सर गेला तर इंजिन जुन्या पद्धतीने थ्रॉटलवर चालतं. गाडी घरी येते, पण मरगळलेली.

तेल गळतं कुठून?

या इंजिनाची सगळ्यात नेहमीची तक्रार गळतीची. दोन धातूंच्या सांध्यात जे रबर असतं, ज्याला आपल्याकडे पॅकिंग म्हणतात, ते गरम-थंड होऊन दहा-बारा वर्षांत प्लास्टिकसारखं कडक होतं. मग ते दाबून धरत नाही.

पहिली जागा टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण. हे इंजिन ३० अंशांत उजवीकडे, म्हणजे सायलेन्सरच्या नळ्यांच्या बाजूला कललेलं बसवलेलं असतं. आपल्याकडे ती ड्रायव्हरची बाजू. कव्हरचं पॅकिंग गेलं की तेल त्याच बाजूला उतरतं आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. सिग्नलला थांबल्यावर एसीतून जळक्या तेलाचा वास आला तर शंभरातल्या नव्वद वेळा हेच. ते रोखलं नाही तर तेल व्हॅल्व्हट्रॉनिकच्या सेन्सरपर्यंत जातं आणि तोही घालवतं.

दुसरी जागा ऑइल फिल्टरचं हाउसिंग. इथे मी जरा थांबणार आहे, कारण नवा मालक जिकडे बघतच नाही ती हीच जागा. हाउसिंग इंजिनाच्या पुढच्या कोपऱ्यात आहे आणि त्याच्या बरोबर खालून अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा जातो. तळहातावर मावेल एवढं एक पॅकिंग गळायला लागलं की तेल थेंबाथेंबाने पट्ट्यावर. पट्टा तेलाने फुगतो, सरकतो, एक दिवस पुलीवरून उतरतो. उतरलेला पट्टा बाहेर पडून गेला तर नशीब. नाहीतर तो क्रँकच्या पुलीमागे गुंडाळला जातो, सील फाडतो आणि त्याचे तुकडे इंजिनाच्या आत ओढले जातात. ते खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाऊन ऑइल पंपाची जाळी चोंदवतात. दोन-तीन तासांच्या मजुरीचं काम टाळलं म्हणून इंजिन खोलायची वेळ येते ती अशी. गाडी बघायला जाताना चांगला टॉर्च न्या आणि हाउसिंगखाली काळा, धूळ चिकटलेला थर आहे का ते बघा.

तिसरी जागा खालच्या चेंबरचं पॅकिंग. पॅकिंग स्वस्त, पण ते बदलायला इंजिन वरून टांगून खालची चौकट उतरवावी लागते, शिवाय ते सगळे ॲल्युमिनियमचे बोल्ट नवे. हे फक्त ओलसर दिसत असेल आणि फरशीवर थेंब पडत नसेल तर मी घाई करणार नाही.

पाण्याचा पंप: न सांगता जाणारा

जुन्या गाड्यांत पाण्याचा पंप पट्ट्यावर फिरायचा. जायच्या आधी तो महिनाभर कुरकुरायचा, गळायचा, मालकाला वेळ द्यायचा. एन५२ मध्ये पंप विजेवर चालतो. फायदा खरा आहे: इंजिन थंड असताना तो हळू फिरतो, त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. गरम इंजिन बंद केल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो. (बंद गाडीतून येणारा तो हलका घूं आवाज ऐकून घाबरू नका.)

पण त्याची मोटर आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट एकाच डबीत आहेत आणि ती डबी आयुष्यभर तापत असते. सर्किट गेलं की पंप जागच्या जागी थांबतो. गळती नाही, आवाज नाही. डॅशबोर्डवर आधी पिवळी, मग लाल सूचना येते, पुढचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो आणि हातात फार थोडा वेळ असतो. त्यातून ई९० पिढीच्या ३ सिरीजमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटाच दिलेला नाही, म्हणजे आधी चाहूल लागायचाही मार्ग नाही.

"गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो" हा विचार इथे सर्वात महाग पडतो. कूलंट फिरत नसताना हेड, म्हणजे सिलिंडरवर बसलेला इंजिनाचा वरचा भाग, काही मिनिटांत वाकतं, त्याखालचं पॅकिंग (हेड गॅस्केट) जातं. लाल दिवा लागला की गाडी बाजूला, इंजिन बंद, टोइंगला फोन. मग खंबाटकीचा घाट असो की भर पावसातला वाशीचा पूल.

पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) जोडीने बदलायचे, कारण थर्मोस्टॅटही विजेचा आणि त्याच वयाचा. मूळ पंप पिअरबर्ग कंपनीचा. स्वस्तातला डुप्लिकेट लावून पैसे वाचत नाहीत. त्यानंतरचं काम मात्र नीट बघा. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढायची असते आणि जुन्या सवयीचा मिस्त्री त्यासाठी इंजिन चालू करून रेस देतो. इथे इंजिन चालूच करायचं नाही. बॅटरीला चार्जर लावायचा, इग्निशन ऑन, हीटर पूर्ण गरमवर, पंखा अगदी कमी, मग ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. पंप स्वतःच सुमारे १२ मिनिटं फिरतो आणि हवा बाहेर काढतो. समोरच्याला ही पद्धत ठाऊक आहे का, एवढं विचारलं तरी तो या गाड्यांवर काम करतो की नाही ते कळतं.

टकटक, मिसिंग आणि बाकीचं किरकोळ

थंड गाडी चालू केल्यावर वरून टॅपेटची टकटक येते? २००८ च्या अखेरीपर्यंत बनलेल्या इंजिनांत ही तक्रार माहितीतली आहे. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने भरून काढणाऱ्या भागात, तेलाऐवजी हवा शिरते, विशेषतः गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच फिरत असेल तर. पुढे कंपनीने हेडमधल्या तेलाच्या वाटा बदलल्या. अर्धा तास हायवेला चालवल्यावर आवाज गेला तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही. कानाला त्रास, इंजिनाला नाही.

मिसिंग आलं, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकायला लागला, तर आधी ठिणगी देणारे इग्निशन कॉइल आणि प्लग बघा. इंजिन खोलायच्या गप्पा नंतर. आरपीएम वरखाली होत असेल तर व्हॅनोसचे, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेचे, दोन सोलेनॉइड कचऱ्याने अडकलेले असू शकतात. ते काढून साफ करता येतात. तेल मोजायची पट्टी यातल्या बहुतेक गाड्यांत नाहीच, पातळी स्क्रीनवर दिसते. साडेसहा लिटर तेल मावतं. युरोपात ते २५,००० किलोमीटरपर्यंत चालवायचा हिशोब होता. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये मी तो पाळणार नाही. दहा हजार किंवा वर्ष, जे आधी येईल ते.

कंपनीने स्वतः मान्य केलेले दोष

दोन मोठे रिकॉल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०१४ मध्ये व्हॅनोसचे बोल्ट ढिले होतात किंवा तुटतात म्हणून २०१० ते २०१२ मॉडेलच्या सहा सिलिंडर गाड्या जगभरातून परत बोलावल्या गेल्या, एकट्या अमेरिकेत सुमारे १ लाख ५६ हजार. २०१७ मध्ये अमेरिकेतच २००७ ते २०११ च्या सुमारे ७ लाख ४० हजार गाड्या बोलावल्या. इंजिनातल्या वाफा परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हला थंड हवेसाठी एक हीटर होता आणि तो शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता. आपण बघत असलेल्या गाडीवर काही काम बाकी आहे का, हे चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं.

"पण मीटरवर फक्त चाळीस हजार आहे!"

मीटर मागे फिरवलेलं नाही असं धरून चालू. तरीही पंधरा वर्षांत चाळीस हजार म्हणजे ती गाडी बरीचशी उभीच होती, किंवा सोसायटी ते ऑफिस एवढीच फिरली. पॅकिंगला पंधरा उन्हाळे लागलेच. प्लास्टिकचे पाण्याचे पाइप ठिसूळ झालेच. उलट पंप पहिलाच असण्याची शक्यता जास्त, म्हणजे तो तुमच्या हातात जाणार. दीड लाख चाललेली, पण ज्यात पंप, थर्मोस्टॅट आणि वरची पॅकिंग बिलासकट बदललेली आहेत, अशी गाडी मी आधी बघेन.

"मग नवं टर्बोवालंच घेतलेलं बरं ना?"

ताकद हवी असेल तर नक्की. पण एन५२ च्या मागून आलेल्या एन५४ टर्बो इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं आणि त्यासाठी उच्च दाबाचा पंप लागतो. त्या पंपाने सुरुवातीच्या मालकांना पुष्कळ रडवलं. शिवाय इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साचते, कारण तिथे पेट्रोलचा फवारा येतच नाही. एन५२ मध्ये फवारा व्हॉल्व्हच्या मागूनच येतो, त्यामुळे ती पाठ धुतली जाते. जुन्यात साधेपणा हवा असेल तर एन५२. सध्याच्या एम३४०आयमधलं बी५८ हे निराळ्या पिढीचं, भक्कम इंजिन आहे, पण त्याचं बजेटही निराळं.

"इथेनॉलने इंजिन खलास होईल का?"

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून, उसाच्या रसातून, शिवाय मका आणि धान्यातून निघालेलं. इथेनॉल नसलेलं साधं पेट्रोलही मिळावं अशी मागणी करणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. म्हणजे जे मिळतंय त्यावरच गाडी चालवायची आहे.

तीन वेगळ्या शंका इथे एकात मिसळल्या जातात. पहिली मायलेजची. ती खरी आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. जुन्या रचनेच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के उतरेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. दुसरी शंका नॉकिंगची, म्हणजे इंधन वेळेआधी पेटून होणाऱ्या खडखडाटाची. ती उलटी आहे: इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो आणि एन५२ सारख्या जास्त दाबाच्या इंजिनाला ते मानवतं. कमी-जास्त पेट्रोल किती मारायचं ते सायलेन्सरमधल्या सेन्सरवरून कॉम्प्युटर जुळवून घेतो.

तिसरी शंका रबराची, आणि ती झटकून टाकता येत नाही. या पिढीच्या गाड्यांच्या अमेरिकी मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली आहे. २० टक्क्यांना चालणारं साहित्य आपल्याकडे एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आलं. पंधरा वर्षांचे पेट्रोल पाइप, ओ-रिंग आणि टाकीतल्या पंपाची सीलं यांचं आयुष्य त्याने घटू शकतं. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं; टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून गाडी पावसाळाभर कव्हरखाली उभी राहिली तर पाणी तळाला बसून गंज सुरू होऊ शकतो. म्हणून गाडी चालती ठेवा, दरवर्षी पेट्रोलच्या लाइनवरून हात फिरवून ओल आहे का बघा, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा. पण घाबरायची क्रमवारी लावायची झाली तर माझ्या मते पाण्याचा पंप आजही इथेनॉलच्या कितीतरी वर आहे.

बघायला जाताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा आणि सेल्फ स्वतः मारा. थंड इंजिनच टकटक, निळा धूर आणि मिसिंग खरंखुरं दाखवतं. स्कॅनर नेऊन जुने एरर वाचा. सगळे कालच पुसलेले दिसले तर तेही एक उत्तर आहे. मग एसी लावून अर्धा तास चालवा, शेवटी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि वास घ्या.

कागदपत्रांत आरसीची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून पुन्हा हिशोब करा. पंप, थर्मोस्टॅट, टॅपेट कव्हर आणि फिल्टर हाउसिंगची पॅकिंग बदलल्याची बिलं नसतील तर ही चारही कामं शिल्लक आहेत असं धरा, त्यांचा खर्च गॅरेजमधून लिहून आणा आणि तो वजा करूनच भाव बोला.